वॉकमनचा पट्टा आणि कसाऱ्याचा घाट

दिवाळीची साफसफाई म्हणजे माळ्यावरच्या वस्तूंची वार्षिक हजेरी. यंदा पितळी घंगाळाच्या मागून बुटाचं एक खोकं निघालं आणि त्यात माझा कॉलेजातला वॉकमन. झाकणाला तडा, सेलच्या खणात हिरवट पूड, सोबत दोन कॅसेटी. एकीवर आईच्या अक्षरात ‘भजनी मंडळ, पंचवटी’ एवढंच लिहिलेलं. खण पुसून नवे सेल घातले, बटण दाबलं. आतून बारीक गुणगुण आली, म्हणजे मोटार फिरत होती. कॅसेटीची चाकं मात्र जागची हलेनात.

नाशिकच्या मेनरोडच्या मागच्या एका बोळात अजून टेप दुरुस्त करणारे काका बसतात. त्यांनी चार स्क्रू काढले, चष्मा कपाळावर सरकवला आणि चिमट्याने काळा, चिकट, तुटका दोरा बाहेर ओढला. “पट्टा गेला. रबराचं डांबर झालंय. बुधवारी या.” बरोबर भाची होती, अकरावीतली. तिने ते उघडं यंत्र फोनच्या उजेडात पाहिलं आणि विचारलं, “मामा, हे खिशात ठेवून चालायचात ना? मग सगळं हलत असणार. गाणं कसं नाही बिघडायचं?”

मी ‘चांगला प्रश्न आहे’ म्हणून वेळ मारून नेली. पण रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, खिशातल्या गाण्याचा सत्तर वर्षांचा इतिहास खरं तर या एकाच प्रश्नाचा आहे. यंत्र लहान कसं झालं, हे सगळे सांगतात. पण लहान करणं हे अर्धंच काम. गाणं म्हणजे ठरलेल्या गतीने कानापर्यंत येणारा आवाज. त्या गतीत केसभर फरक पडला तरी कान तक्रार करतो. आणि चालणारा माणूस, एसटी, स्कूटर, आगगाडी ही सगळी मंडळी यंत्राला धक्के देत असतात. धक्के खाऊनही लय सुटू द्यायची नाही, हे जमवायला प्रत्येक पिढीने वेगळी युक्ती काढली.

सुरुवात झाली ट्रान्झिस्टरने. त्याआधीच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. ते तापल्याशिवाय आवाज येत नसे, आणि त्यांची विजेची भूक खिशातल्या सेलला झेपणारी नव्हती. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. काम व्हॉल्व्हचंच, पण आकार चिमुकला आणि तापण्याची गरज नाही. १९५४ मध्ये रीजन्सी टीआर-१ हा खिशात मावणारा रेडिओ बाजारात आला. त्यात असे अवघे चार ट्रान्झिस्टर होते आणि किंमत पन्नास डॉलरला पाच सेंट कमी. आपल्याकडे तर रेडिओ हा शब्दच गळून पडला आणि आतल्या सुट्या भागाचं नाव अख्ख्या यंत्राला चिकटलं. भोकाभोकांच्या चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर सायकलच्या हँडलला लटकून मळ्यात जायचा. तो बाळगायला ऐंशीच्या दशकापर्यंत पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत, हे भाचीला थाप वाटते.

ट्रान्झिस्टरला धक्क्यांची फारशी भीती नव्हती, कारण गाणं त्याच्या पोटात नसायचंच. ते आकाशवाणीच्या केंद्रात वाजे आणि हवेतून येई. तोटाही तोच: आपल्याला हवं ते, हवं तेव्हा ऐकता येत नाही. फर्माईश पाठवा आणि कान लावून बसा.

गाणं खिशात आलं ते कॅसेटीमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली. ती घडवणाऱ्या चमूचे प्रमुख लू ओटेन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा आधी करून घेतला आणि यंत्र त्या मापात बसवायला सांगितलं, अशी गोष्ट सांगतात.

कॅसेटीतली पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद. प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडची, म्हणजे जवळपास गंजाचीच, बारीक पूड चिकटवलेली असते. म्हणून ती तपकिरी दिसते. या पुडीचा प्रत्येक कण म्हणजे एक इवलंसं चुंबक. रेकॉर्ड करताना पट्टी ‘हेड’समोरून सरकते. हेड म्हणजे विजेवर चालणारं छोटं चुंबक; आवाज चढला-उतरला की त्याचा जोर चढतो-उतरतो आणि समोरून जाणारे कण त्या प्रमाणात चुंबकित होऊन तसेच राहतात. वाजवताना उलटा प्रकार. चुंबकित पट्टी हेडसमोरून सरकली की हेडच्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उमटते, ती वाढवून कानात सोडायची. एवढ्याशा रुंदीत चार वाटा असतात: ए बाजूचा डावा-उजवा कान आणि बी बाजूचा डावा-उजवा कान.

आता भाचीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर. पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटीत एका बाजूला अर्धा तास, म्हणजे साधारण ८६ मीटर पट्टी. बहुतेकांना वाटतं की दात असलेली ती दोन चाकं पट्टी ओढतात. तसं असतं तर घोटाळा झाला असता: पट्टी गुंडाळली जाते तसा गुंडाळा जाड होतो, आणि चाकाने एक फेरा घेतला की दरवेळी आधीपेक्षा जास्त पट्टी ओढली जाते. गाणं सुरुवातीला रडत आणि शेवटी किंचाळत वाजलं असतं. म्हणून ओढायचं काम एका दाभणाएवढ्या पोलादी दांड्याकडे असतं, त्याला कॅप्स्टन म्हणतात. समोरून रबरी रोलर पट्टीला त्यावर दाबून धरतो, उसाच्या चरकासारखा. दांड्याची जाडी बदलत नाही, त्यामुळे वेगही बदलत नाही. गुंडाळणारी चाकं फक्त आलेली पट्टी आवरतात.

आणि त्या दांड्याच्या बुडाशी एक जड चकती असते. जातं एकदा फिरायला लागलं की हात क्षणभर सुटला तरी थांबत नाही, तशी ही चकती बारीकसारीक हिसके गिळून टाकते. काकांनी दाखवलेलं तुटकं रबर या चकतीला मोटारीशी जोडत होतं. पुढे तर काही वॉकमनमध्ये दोन चकत्या परस्परविरुद्ध दिशेने फिरवल्या, म्हणजे धावताना एकीला बसलेला हिसका दुसरी खोडून काढते. मला ही कल्पना अजूनही सगळ्यात देखणी वाटते. संगणक नाही, मेमरी नाही, नुसतं वजन.

तरी सेल उतरले की चकती तरी काय करणार? वेग कमी झाला की प्रत्येक स्वर त्याच प्रमाणात खाली येतो. हिशोब साधा आहे: पट्टी सुमारे सहा टक्के मंद झाली की काळी एकचं गाणं पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या एका सुराने खाली, उतरतं. ओळखीचा गायक एकदम भरदार आवाजात गाऊ लागला की आम्ही ओळखायचो, सेल बदला. मग ते सेल काढून गच्चीवर उन्हात तापवायचे. थोडी धुगधुगी यायचीही.

कॅसेटीने आपल्याकडे जे केलं ते नुसतं खिशापुरतं नव्हतं. तबकडी काढायची तर कारखाना लागे. कॅसेट कुणालाही भरता येई. दीर्घकाळ या धंद्यावर एचएमव्हीचा पगडा होता. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटींचा पूर आणला आणि छोट्या कंपन्यांनी मोठ्यांना न दिसलेलं गिऱ्हाईक शोधलं. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज गावोगावच्या रसवंत्यांमधून आणि रिक्षांमधून घुमला तो या कॅसेटींवरून. त्याखालच्या थरात आमच्या आईचं भजनी मंडळ. मधोमध टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं यंत्र, ठेवायचा, लाल बटण आणि प्लेचं बटण एकत्र दाबायचं, की झाली कॅसेट. मागच्या बाजूचा प्लॅस्टिकचा कान मोडला की पुन्हा त्यावर रेकॉर्ड होत नसे; मत बदललं तर भोकावर चिकटपट्टी लावायची. गुंतलेली पट्टी सोडवून सहाकोनी पेन्सिलीने गुंडाळायची विद्या तर घराघरात होती.

शहरातल्या दुकानांत फुलस्केप कागदावर गाण्यांची यादी दिली की चार दिवसांत कॅसेट ‘भरून’ मिळे. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे. (कायद्याने हे बसत नव्हतं. ते दुकानदारालाही माहीत होतं आणि यादी देणाऱ्यालाही.)

कॅसेट १९६३ ची, मग वॉकमनला १९७९ का उजाडावं लागलं? कारण तोवर कुणाला वाटलंच नव्हतं की टेपमधून काही काढून टाकायचं असतं. सोनीचे सहसंस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचं होतं. कंपनीचा प्रेसमन नावाचा बातमीदारांसाठीचा छोटा टेपरेकॉर्डर होता. इंजिनिअरांनी त्यातला रेकॉर्डिंगचा भाग आणि स्पीकर काढला आणि स्टिरिओ आवाजाची सोय केली. जो टेप रेकॉर्ड करत नाही तो घेणार कोण, ही शंका खुद्द कंपनीतच होती. १ जुलै १९७९ ला जपानात तो ३३,००० येनला विकायला आला. पहिला महिना थंड गेला आणि ऑगस्ट संपेपर्यंत पहिले तीस हजार नग संपले.

स्पीकर काढण्यातच खरी मेख होती. स्पीकरला खोलीभर हवा हलवावी लागते. हेडफोनला कानाजवळची चिमूटभर हवा हलवली की पुरे, म्हणून दोन पेन्सिल सेलवर तासन्‌तास काम भागतं. पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू होऊन दोघांना मायक्रोफोनमधून एकमेकांशी बोलता यायचं. एकट्याने ऐकणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल, अशी कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना काळजी होती. हे ऐकून भाचीने कानातलं एक बोंडूक काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “आम्ही असं करतो.” (कमरेला बांधायच्या स्टिरिओचं पेटंट अँड्रियास पावेल नावाच्या गृहस्थाने १९७७ मध्येच इटलीत मागितलं होतं. सोनीशी त्याचा वाद वीसहून अधिक वर्षं चालला.)

नाशिकला वॉकमन आला तो आखातातून सुट्टीवर आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून, नाहीतर मुंबईच्या मनीष मार्केटमधून. नंतर स्वस्त नकला आल्या आणि त्या सगळ्यांनाही आपण वॉकमनच म्हणालो, जसं कुठल्याही यंत्रातून निघालेल्या प्रतीला झेरॉक्स म्हणतो. माझाही त्यातलाच.

मग आली सीडी, १९८२ साली, सोनी आणि फिलिप्स यांची मिळून. कॅसेटीवर आवाजाची चुंबकीय सावली असते; सीडीवर आवाजाचे आकडे असतात. आवाज म्हणजे हवेच्या दाबातली चढउतार. ती सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक आकडा द्यायचा. ४४,१०० च का? माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, आणि कुठलंही कंपन आकड्यांतून परत उभं करायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. दोन्ही कानांचे मिळून सेकंदाला चौदा लाख बिट, म्हणजे मिनिटाला १० एमबी.

हे आकडे चकतीवर सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात असतात. खड्ड्यांची एकच वाट आतून बाहेर गोल गोल जाते. सरळ केली तर जवळपास पाच किलोमीटर भरेल. शेजारच्या दोन वेटोळ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशी चाळीस-एक वेटोळी बसतील. लेझरचा ठिपका फिरत्या चकतीवर यातली एक वाट धरून चालतो. आता हे खिशात घालून चालून दाखवा.

सोनीने १९८४ मध्ये घेऊन फिरता येईल असा सीडी प्लेअर काढला. पुढे डिस्कमन या नावाने ही जात ओळखली जाऊ लागली. आमच्यातल्या एकाकडे तो होता. कॉलेज रोडवरून तो डिस्कमन दोन्ही हातांत आडवा धरून चालायचा, निरांजनाचं ताट धरावं तसा. त्र्यंबकच्या एसटीत बसला तर पहिल्याच खड्ड्याला गायिका त्याच शब्दावर तीनदा अडखळायची. इथे जड चकतीची युक्ती चालत नाही. वाट मुळातच इतकी अरुंद की लेझर घसरणारच.

इलाज निघाला तो आपल्या सगळ्यांच्या घरावर आहे. महापालिकेचं पाणी येतं ठरावीक वेळी. नळ मात्र दिवसभर चालतो, कारण मध्ये गच्चीवरची टाकी आहे. तसंच प्लेअरने सीडी गरजेपेक्षा जास्त वेगाने वाचायची, आकडे मेमरीच्या चिपमध्ये साठवायचे आणि कानाला तिथून संथ, एकसारखे सोडायचे. धक्का बसला, लेझर वाट चुकला, तरी टाकीत शिल्लक आहे तोवर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. तेवढ्यात लेझर परत वाट शोधतो. दहा सेकंदांच्या साठ्याला पावणेदोन एमबी मेमरी लागे आणि तेव्हा मेमरी महाग होती. या साठ्याला संगणकाची मंडळी बफर म्हणतात. मी टाकीच म्हणणार, कारण इथून पुढे सगळा खेळ टाकीचाच आहे.

१९९२ ला सोनीने मिनीडिस्क काढली. छान होती म्हणतात. मी इथे कुणाच्या हातात पाहिली नाही.

आता सगळ्यात डोकेबाज पायरी: एमपी३. प्रश्न असा होता, की मिनिटाला १० एमबी हा ऐवज फार मोठा. तो दहा-अकरा पटींनी लहान करायचा, पण कानाला कळू द्यायचं नाही. साधी घडी घालून एवढं होत नाही. काहीतरी टाकून द्यावंच लागतं. मग टाकायचं काय? तर जे आपल्याला तसंही ऐकू येत नाही ते.

गणपतीच्या मिरवणुकीत नाशिक ढोल सुरू झाला की शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. बोलणं थांबलेलं नसतं. ते हवेत आहे, कानावरही पडतंय, पण मोठा आवाज आपल्या आसपासच्या उंचीचे बारीक आवाज झाकून टाकतो. दुसरं उदाहरण काळाराम मंदिरातलं. घंटेचा टोल पडला की त्यानंतर क्षणभर बारीकसा आवाज कानाला जाणवतच नाही. अशी झाकाझाकी प्रत्येक गाण्यात सेकंदासेकंदाला चालू असते. तबल्याच्या थापेखाली तंबोऱ्याची एखादी बारीक छटा, सनईखाली गायकाचा श्वास.

एमपी३ करणारा प्रोग्राम गाण्याचे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाहून थोडे मोठे, २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात कुठल्या उंचीचे स्वर किती जोरात आहेत हे वेगळं काढतो. मग कानाच्या नियमांशी ताडून ठरवतो, की कुठला स्वर काटेकोर लिहायचा, कुठला ढोबळ लिहिला तरी चालेल आणि कुठला सोडूनच द्यायचा. शेवटी उरलेले आकडे लिहितानाही काटकसर: जो आकडा वारंवार येतो त्याला छोटी खूण, क्वचित येतो त्याला मोठी. सेंट्रल बस स्टँडचं दिवसातून शंभरदा नाव घ्यावं लागतं म्हणून आपण त्याचं सीबीएस केलं, त्यातलाच प्रकार.

यामागे जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेतली माणसं होती. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे त्यातलं ठळक नाव. सुझॅन व्हेगा या गायिकेने वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजात गायलेलं एक गाणं त्यांनी पुन्हा पुन्हा तपासायला घेतलं. कारण उघडा आवाज. झाकायला ढोल नाही, काही नाही. जरा चुकलं की लगेच कळतं. आपल्याकडे गवयाची परीक्षा आलापीत होते, तसंच हे. फायलींना ‘एमपी३’ हे शेपूट लावायचं १९९५ च्या जुलैत ठरलं. सेकंदाला १२८ हजार बिट या मापाने चार मिनिटांचं गाणं ४२ ऐवजी ४ एमबीच्या आत बसू लागलं.

एक सावधगिरी. टाकलेलं परत येत नाही. एमपी३ ची सीडी करून त्याची पुन्हा एमपी३ करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. झांजांचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येतो तो यामुळे.

१९९८ मध्ये कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेचा रिओ हे पहिले प्लेअर आले. मेमरी ३२ एमबी, म्हणजे अर्ध्या तासाची गाणी. रिओची किंमत होती दोनशे डॉलर! कॅसेटीची एक बाजू एवढ्याला. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने रिओवर खटला भरला आणि हरली. स्वतःजवळची गाणी खिशात नेण्यात गैर काय, असा कोर्टाचा एकूण सूर होता.

ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने आयपॉड काढला तो चिपऐवजी तोशिबाची १.८ इंची हार्डडिस्क घालून. पाच जीबी, हजार गाणी, ३९९ डॉलर. तेव्हाच्या दराने एकोणीस हजार रुपयांच्या आसपास. हार्डडिस्क म्हणजे परत फिरती चकती, परत धक्क्याची भीती आणि बॅटरीची खादाडी वेगळीच. इलाज जुनाच, फक्त टाकी मोठी: ३२ एमबीची चिप. डिस्क थोडा वेळ फिरून सुमारे वीस मिनिटांची गाणी चिपमध्ये ओतते आणि झोपून जाते. कान टाकीवर जगतो. रिओची अख्खी तिजोरी आयपॉडची नुसती टाकी झाली, तीन वर्षांत.

आणि मग फिरणारं काही उरलंच नाही. तोशिबातल्याच फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात शोधलेली फ्लॅश मेमरी स्वस्त झाली. त्यात कोट्यवधी सूक्ष्म डब्या असतात, चारही बाजूंनी वीजरोधक थराने बंद. जोर लावून इलेक्ट्रॉन आत ढकलायचे. वीज गेली तरी ते वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहतात. डबी भरली की रिकामी, एवढं वाचलं की गाणं मिळालं. पट्टा नाही, मोटार नाही, लेझर नाही. २००५ चा आयपॉड नॅनो हातोड्यासारखा हलवला तरी गाणं ढळत नसे.

आमच्याकडे मात्र ही मेमरी आयपॉडच्या नाही, फोनच्या पोटातून आली. एमजी रोडवर मोबाइलच्या दुकानांची रांग लागली आणि दारात पाट्या: ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’. तोच शब्द! यादी घेऊन कॅसेट भरायला जाणाऱ्याचा मुलगा कार्ड भरायला जाऊ लागला. कार्ड १५ बाय ११ मिलिमीटर, नखाएवढं. दोन जीबीत पाचशे गाणी. फोल्डरांची नावं ‘जुनी’, ‘नवी’, ‘भक्ती’, ‘डीजे’. निवड दुकानदाराची. निम्मी गाणी आपण कधी मागितलेली नसायची आणि त्यातलीच काही पुढे आवडती व्हायची. माझ्या मते त्या दशकातलं सगळ्यात मजेदार संगीत याच दुकानांतून पसरलं, आणि ते गाणाऱ्यांना त्यातून छदाम मिळाला नाही हेही तितकंच खरं.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरायची गरज संपली. गाणी कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवर. आपण दाबलं की येतात. म्हणजे आपण ट्रान्झिस्टरपाशीच परत आलो. गाणं पुन्हा खिशात नाही, हवेतून येतं. फरक इतकाच की फर्माईश लगेच पुरी होते. पण धक्का परत आला, वेगळ्या वेशात.

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्यांना तो ठाऊक आहे. इगतपुरी मागे पडली, गाडी घाटात शिरली, बोगद्यामागून बोगदे सुरू झाले की डब्यातल्या निम्म्या लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. रेंज जाते. तरीही गाणं लगेच थांबत नाही, थोडं पुढपर्यंत वाजतं, कारण ॲपने पुढचे तुकडे आधीच आणून ठेवलेले असतात. तीच टाकी. डिस्कमनला खड्डा चुकवायला दहा सेकंद पुरत होते. इथे खड्डा म्हणजे अख्खा कसारा घाट. १२८ च्या मापाने तासाला ५८ एमबी लागतात. म्हणून शहाणी माणसं नाशिकरोडच्या फलाटावरच गाणी डाउनलोड करून ठेवतात. घरून टाकी भरून निघाल्यासारखं. ही डाउनलोड केलेली गाणी कुलूपबंद असतात, दुसऱ्याला देता येत नाहीत आणि वर्गणी संपली की किल्ली जाते.

बिनतारी बोंडकांची त्यात भर. फोन आधी आवळलेलं गाणं उलगडतो, ब्लूटूथसाठी पुन्हा आवळतो आणि हवेतून तुकड्या-तुकड्याने कानाकडे पाठवतो. बोंडकाच्या आतही छोटी टाकी असतेच. गर्दीच्या फलाटावर शेकडो उपकरणं त्याच लहरींवर बोलत असताना काही तुकडे वाटेत हरवतात आणि गाणं तुटतं. व्हिडिओत ओठ आधी हलून शब्द मागून येतो तो या आवळण्या-साठवण्याच्या उशिरामुळे.

बुधवारी भाचीला घेऊन परत बोळात गेलो. नवा पट्टा बसला होता. काकांनी स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं, बोळा तपकिरी झाला. भजनी मंडळाची कॅसेट घातली. खरखर, मग पेटी, मग सात-आठ बायकांचे आवाज, त्यात आई. पण सगळ्याजणी जराशा लाडक्या, पोरकट आवाजात गात होत्या. “वेग जास्त आहे,” काका म्हणाले. “गाण्याची पट्टी, सूर कुठला होता?” मला आठवत होतं, आई काळी चारमध्ये गायची. भाचीने फोनवर तंबोऱ्याचं ॲप उघडलं, काळी चार लावली आणि फोन टेबलावर ठेवला. काकांनी बारीक स्क्रूड्रायव्हर मोटारीजवळच्या भोकात घातला आणि हळूहळू फिरवू लागले. आईचा आवाज खाली उतरत उतरत तंबोऱ्यापाशी आला, थोडा पुढे घसरला, परत आला.

“जमलं,” भाची म्हणाली.

“आज जमलं,” काका म्हणाले. “तेव्हा ज्या टेपवर भरलं, तो कोणत्या वेगाने चालत होता ते त्या टेपलाच माहीत.” आणि त्यांनी चारातला पहिला स्क्रू बसवायला घेतला.